पाणथळ कोपऱ्यातील वेखंड

गावातील बहुतेक बागायतदारांच्या मळ्यात किंवा परसात असा एखादा कोपरा असतोच की, जेथे पाय ठेवला असता चिखल घोट्यापर्यंत येतो. कोठे विहिरीलगत झिरपणारे पाणी, कोठे पाटाच्या शेवटास साचणारी गळती, कोठे न्हाणीच्या मोरीचा ओघळ, तर कोठे भातखाचराच्या वरच्या अंगास डोंगरातून येणारा झरा, अशा नाना कारणांनी ती जागा बारमाही ओली राहते. तेथे भाजी लावली तर मुळे कुजतात. फळझाड लावले तर दोन वर्षांत पिवळे पडते. शेवटी लव्हाळा व पाणकणीस यांच्या स्वाधीन ती जागा करून शेतकरी मोकळा होतो. जागा घराजवळची असल्यास घरधनीण तेथे अळू आणि कर्दळ लावते, आणि पाणी वाया न घालवण्याची तिची ही रीत शहाणपणाचीच होय.

अशा जागेविषयी पहिला सल्ला निचऱ्याचाच दिला पाहिजे. उतार मिळत असेल तर चर खोदून पाणी काढून द्यावे व जमीन नेहमीच्या पिकाखाली आणावी. नवलाईचे पीक शोधत बसण्यापेक्षा ते केव्हाही श्रेयस्कर. परंतु सर्वत्र उतार मिळतोच असे नाही. आपले पाणी शेजाऱ्याच्या शेतात सोडता येत नाही, आणि जिवंत झरा तर कोणी बुजवूही नये. अशी जी जागा उरते, तिच्यासाठी एक वनस्पती आपल्या देशात पूर्वापार वाढत आलेली आहे. ती म्हणजे वेखंड. पाण्यात उभे राहणे हाच तिचा स्वभाव असल्याने इतर पिकांना जे मारक, ते तिला पोषक ठरते.

वेखंड हे नाव ऐकले नाही असे मराठी घर विरळाच. बाळंतिणीच्या खोलीतील सहाण, तिच्यावर उगाळावयाची मुरुडशेंग, हिरडा, हळकुंड, जायफळ आणि त्यांच्यासोबत तो उग्र वासाचा, गाठीगाठींचा, करड्या रंगाचा तुकडा सर्वांनी पाहिलेला असतो. मात्र तो तुकडा ज्या वनस्पतीचा, ती जिवंत उभी असलेली ओळखणारी माणसे गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच सापडतील. सबब लागवडीचे सांगण्यापूर्वी ओळख सांगणे अगत्याचे आहे.

वेखंडाचे खोड जमिनीखाली, किंबहुना चिखलाच्या पृष्ठभागालगत, आडवे सरपटत वाढते. ते बोटाएवढे जाड असून त्यावर जुन्या पानांच्या खुणांची वलये असतात व खालच्या अंगाने दोऱ्यांसारखी मुळे फुटतात. बाजारात मिळणारा तुकडा तो हाच. त्यास मूळ म्हणण्याचा प्रघात असला तरी वस्तुतः तो आल्याप्रमाणेच भूमिगत खोडाचा भाग आहे. या खोडापासून तलवारीच्या पात्यासारखी हिरवीगार पाने सरळ वर येतात. चांगल्या ओलीत ती कंबरेपर्यंत, क्वचित छातीपर्यंतही वाढतात. पानाची मधली शीर नेमकी मध्यावर नसून एका कडेस सरकलेली असते आणि पानाच्या काठास पुष्कळदा बारीक चुण्या दिसतात. फुले येतात ती एका हिरवट पिवळ्या, बोटभर लांबीच्या कणसावर, आणि ते कणीस पानासारख्याच देठाच्या कडेस तिरपे चिकटल्यासारखे दिसते.

पाणकणसाची कोवळी रोपे दुरून अशीच दिसतात, म्हणून केवळ पाहून निर्णय करू नये. पान चुरडून वास घ्यावा. वेखंडाच्या पानासही त्याच्या कांडासारखाच तीव्र गंध असतो. पाणकणसास किंवा लव्हाळ्यास तसा येत नाही. संस्कृतात वेखंडास वचा म्हणतात, आणि त्याच्या अनेक नावांपैकी उग्रगंधा हे एक आहे. या नावातच ओळखीची खूण सांगितलेली आहे. शास्त्रीय नाव ॲकोरस कॅलॅमस. पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ वेखंडाची गणना अळूच्या कुळात करीत. पुढे त्याचे स्वतंत्र कूळ मानण्यात आले. तरीही परसातील ओल्या कोपऱ्यात हे दोघे शेजारी सुखाने नांदतात.

भारतात सर्वसाधारणपणे आढळणाऱ्या वेखंडात गुणसूत्रांचे तीन संच असतात व त्यामुळे त्यास बी धरत नाही. म्हणून वेखंडाचे बी म्हणून कोणी पुडी विकावयास आणली तर ती खुशाल परत करावी. लागवड कांडाच्या तुकड्यांपासूनच होते. हे बेणे ओळखीच्या लागवडदाराकडून, कृषी विद्यापीठाच्या औषधी वनस्पती उद्यानातून किंवा खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्यावे. रानातील ओढ्याकाठचे बेट उपटून आणण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा, वनखात्याच्या परवानगीवाचून वनातील कांडे खणणे गैर तर आहेच, शिवाय त्या कांडांच्या जाळ्याने धरून ठेवलेला ओढ्याचा काठ पुढच्या पावसात ढासळतो.

आता कोणती ओल चालते हे पाहू. पाणथळ जागा म्हटली म्हणजे ती वेखंडास योग्य असे समजणे ही मोठी चूक होईल. वेखंड ही गोड्या पाण्याची वनस्पती आहे. कालव्याच्या पाण्याने पातळी वर येऊन ज्या जमिनी फुगल्या आणि ज्यांच्या पृष्ठभागावर उन्हाळ्यात पांढरे क्षार फुलतात, त्यांचा प्रश्न निराळा आहे. नीरा खोऱ्यातील अशा खारवट जमिनींचा अभ्यास हॅरॉल्ड मान व ताम्हाणे यांनी १९१० साली प्रसिद्ध केला होता. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात तो प्रश्न आजही शेतकऱ्यांस भेडसावतो आहे. तेथे उपाय चरांचा व भूमिगत निचऱ्याचा. अशा जमिनीत वेखंड लावून ती सुधारेल अशी आशा कोणी दाखवू नये आणि कोणी धरूही नये.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. कोकणातील व मावळातील पुष्कळशी खाचरे पावसाळ्यात तुडुंब भरलेली दिसतात, परंतु पौष-माघात तीच भेगाळतात. वेखंड दहा ते बारा महिने जमिनीत राहावयाचे असल्याने पावसाळ्यातील चिखल पाहून जागा ठरवू नये. परीक्षा सोपी आहे. चैत्र महिन्यात त्या जागी हातभर खोल खड्डा घ्यावा. त्यात पाणी पाझरले, किंवा निदान तळाची माती मुठीत दाबली असता लाडू वळण्याइतकी ओली राहिली, तर जागा पक्की समजावी. खड्डा कोरडा निघाला तर वेखंडासाठी उन्हाळ्यात पाणी द्यावे लागेल, आणि बागायतीचे पाणी खर्चून वेखंड वाढवणे हिशेबात बसेल की नाही याचा विचार करावा लागेल. बहुधा बसत नाही. जे पाणी आपण होऊन तेथे येते, त्याचा उपयोग करण्यातच या पिकाचे स्वारस्य आहे.

जमीन गाळाची, पोयट्याची किंवा चिकण असली तरी चालते. ऊन मात्र हवे. दाट सावलीत पाने लांबतात, पण कांडे पोसत नाहीत. पावसाळ्याच्या आरंभी भाताच्या खाचराप्रमाणे चिखलणी करावी. जागा लहान असेल तर कुदळीने खणून, जुने लव्हाळे मुळांसकट वेचून काढावे. या कामात आळस केला तर पुढे वर्षभर निंदणी करीत बसावे लागते, कारण लव्हाळ्याची गाठ जमिनीत राहिली की ती वेखंडापेक्षा आधी डोके वर काढते. चिखलणीच्या वेळी चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. रासायनिक खतांचे प्रमाण माती तपासणीच्या निकालावरून ठरवावे.

बेणे म्हणून मागील वर्षाच्या कांडाचे, डोळा फुटू लागलेले तुकडे घ्यावेत. एक फूट, म्हणजे तीस सेंटीमीटर, अंतरावर ओळी धराव्यात व ओळीतही तेवढेच अंतर ठेवावे. दुसऱ्या ओळीतील तुकडा पहिल्या ओळीतील दोन तुकड्यांच्या मधल्या जागेसमोर यावा, म्हणजे पाने वाढल्यावर सर्वांना ऊन सारखे मिळते. तुकडा चार-पाच सेंटीमीटरपेक्षा खोल दाबू नये. या अंतराने एका गुंठ्यास सुमारे अकराशे तुकडे लागतात. हा आकडा आधी सांगावा, कारण दोन पिशव्या बेणे आणून चार गुंठे लावावयास निघालेला शेतकरी मग तुकडे विरळ लावतो आणि मधल्या जागेत तण माजते. त्यापेक्षा अर्धा गुंठा दाट लावावा व पुढील वर्षी त्याच्याच बेण्यावर क्षेत्र वाढवावे.

जून-जुलैमध्ये लावलेले तुकडे आठ-दहा दिवसांत फुटू लागतात. आरंभी खाचरात पाच सेंटीमीटर पाणी असावे. पुढे पाने उंच झाल्यावर ते दहा सेंटीमीटरपर्यंत वाढवले तरी चालते. तथापि साचलेले पाणी हे वेखंडाचे अपरिहार्य मागणे नव्हे. माती सतत चिंब असली म्हणजे पुरे. ही गोष्ट घराजवळच्या लागवडीत विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. घरामागे डबके ठेवून वेखंड वाढवणे म्हणजे औषधाबरोबर हिवतापालाही आवतण देणे होय. उबदार हवेत डासाचे अंडे ते उडता डास हा प्रवास साधारण आठ-दहा दिवसांत पुरा होतो. म्हणून दर आठवड्यास एक दिवस बांधास खोबणी पाडून पाणी पूर्ण उतरू द्यावे व दुसऱ्या दिवशी ती बुजवावी. चिखल ओला राहतो, वेखंडाचे काही बिघडत नाही, आणि डासांच्या अळ्या मात्र मरतात. आरोग्य खात्याने सांगितलेला कोरडा दिवस परसातील या तुकड्यासही लागू करावा.

पहिले तीन महिने निंदणी वेळेवर झाली की पुढे पिकाची सावलीच तणास दाबते. उग्र गंधामुळे गुरे-शेळ्या सहसा यास तोंड लावत नाहीत. रोगराई मोठी नाही. पिठ्या ढेकूण दिसल्यास किडकी पाने काढून जाळावीत व त्या भागातील बेणे पुढील वर्षी वापरू नये.

न्हाणीच्या पाण्यावरील लागवडीचा एक वेगळा मुद्दा आहे. वेखंडाची मुळे सांडपाण्यातील गाळ व पोषक द्रव्ये धरून ठेवतात, आणि सांडपाणी शुद्ध करण्याच्या कृत्रिम पाणथळीत या वनस्पतीचा उपयोग केला जातो. मोरीच्या पुढे एक लहान खड्डा घेऊन त्यात साबणाचा साका बसू द्यावा व वरचे पाणी वेखंडाच्या वाफ्यात सोडावे, म्हणजे घरामागचा काळा चिखल नाहीसा होऊन तेथे हिरवे बेट उभे राहते. परंतु ज्या वनस्पतीने घाण शोषून घ्यावी अशी आपली अपेक्षा, तिचेच कांड औषध म्हणून विकणे उचित नाही. सांडपाण्यात जड धातू असले तर ते कांडात उतरू शकतात. सबब मोरीवरचे वेखंड हे मोरीसाठी, आणि विक्रीचे किंवा बियाण्यात घालावयाचे वेखंड स्वच्छ झऱ्याच्या वा विहिरीच्या ओलीवर, असा भेद पहिल्या दिवसापासून पाळावा. दोन्ही वाफे एकमेकांलगत तर मुळीच नसावेत.

दहा ते बारा महिन्यांनी खालची पाने पिवळी पडून वाळू लागतात. ही काढणीची खूण. जूनमध्ये लावलेले पीक या हिशेबाने चैत्र-वैशाखात तयार होते, व वाळवणीस कडक हवा मिळते हा त्यातील सोयीचा भाग आहे. काढणीपूर्वी पाणी तोडावे, पण जमीन दगडासारखी होऊ देऊ नये. कांडे हातभर आडवी पसरलेली असतात व कठीण मातीत ती तुटून निम्मी आत राहतात. कुदळीने बाहेरून आत खणीत यावे. काढलेली कांडे धुऊन, दोऱ्यांसारखी मुळे कापून, त्यांचे बोटभर लांबीचे तुकडे करावेत. तुकडे सावलीत, वारा खेळेल अशा जागी पातळ पसरावेत. भट्टीवर किंवा तव्यावर शेकून घाई केल्यास सुगंधी तेल उडून जाते, आणि व्यापारी माल नाकानेच पारखतो. वाळल्यावर वजन निम्म्याहून पुष्कळ कमी होते, हे पाहून नवखा शेतकरी दचकतो. म्हणून तेही आधीच सांगावे. वाळलेले तुकडे गोणपाटात घालून चोळले की वरची पापुद्र्यांची खवले सुटतात. तुकडा मोडताना कट् असा आवाज झाला म्हणजे तो नीट वाळला. दमट माल पोत्यात भरल्यास बुरशी धरते, आणि बुरशी धरलेले औषधी द्रव्य मातीमोल होते.

विक्रीविषयी स्पष्ट बोललेले बरे. वेखंडास मागणी आयुर्वेदीय औषधांचे कारखानदार, काष्ठौषधींचे घाऊक व्यापारी आणि सुगंधी तेल काढणारे यांची असते. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील कोरटगेरे तालुक्यात याची शेती पद्धतशीर होते, आणि हिमालयाच्या व ईशान्येकडील डोंगराळ मुलखातून रानचा मालही बाजारात येतो. म्हणजे स्पर्धा आहे. भाव एकसारखे राहत नाहीत. औषधी वनस्पतींच्या लागवडीचा उत्साह यापूर्वी अनेक गावांनी पाहिला आहे. पीक उभे राहिले आणि घेणारा दिसेना, असा अनुभव शेतकरी सहसा विसरत नाही, आणि त्याने विसरूही नये. म्हणून लावणीपूर्वी निदान दोन खरेदीदारांस विचारावे: माल खवले काढलेला हवा की तसाच, तुकडा किती लांब, कमीत कमी किती वजन घेणार. दहा-वीस किलोंसाठी शहरातील व्यापारी गाडी पाठवीत नाही. वाडीतील सात-आठ जणांनी मिळून माल एकत्र केला तर बोलणी होऊ शकतात. हे जमत नसेल तर वेखंड घरच्या उपयोगापुरतेच लावावे. भातशेती मोडून वेखंड लावण्याची शिफारस कोणत्याही कार्यकर्त्याने करू नये.

घरचा उपयोग कोणता, असे कोणी विचारील. त्यातील सर्वांत निश्चित उपयोग बियाण्याच्या साठवणीचा आहे. मूग, चवळी, तूर यांच्या बियाण्यात भुंगेरे शिरतात आणि पेरणीच्या वेळी मडके उघडावे तो दाण्यादाण्यास भोक. वेखंडाच्या गंधाने कीड दूर राहते हे जुन्या माणसांस माहीत होते, आणि त्याचे एक कारण पुढे प्रयोगशाळेतही सापडले. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९७७ साली असे दाखवून दिले की, वेखंडातील असारोन या द्रव्याने किडींच्या मादीची प्रजननशक्ती नष्ट होते. कीड लगेच मरून पडली नाही, तरी तिची पुढील पिढी खुंटते. यासाठी पूर्ण वाळलेल्या एक किलो बियाण्यास दहा ग्रॅम वेखंडाची बारीक पूड चोळावी व बियाणे घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. बियाणे ओलसर असेल तर कोणतीही पूड त्यास वाचवीत नाही. आधी ऊन, मग वेखंड.

मात्र ही पूड फक्त पेरणीच्या बियाण्यासाठी. खाण्याच्या डाळीत वा धान्यात ती मिसळू नये, आणि पूड लावलेल्या डब्यावर ठळक खूण करून तो स्वयंपाकघराबाहेर ठेवावा. जे द्रव्य भुंगेऱ्याची पिढी बुडविते, तेच माणसाच्या पोटात निरुपद्रवी राहील असे गृहीत धरता येत नाही. येथूनच या लेखातील अवघड भाग सुरू होतो, कारण ज्या घरात वेखंड पिकेल त्या घरात ते बाळाच्या गुटीत जाण्याचा संभव सर्वांत अधिक.

याविषयी जे ठाऊक आहे ते असे. भारतीय वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन हा घटक बहुधा सर्वांत मोठ्या प्रमाणात असतो. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जम्मूकडील वेखंडाचे तेल उंदरांस दीर्घकाळ खाऊ घातले असता त्यांच्या आतड्यांत गाठी झाल्याचे आढळले, आणि १९६८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वेखंड व त्याचे तेल खाद्यपदार्थांत घालण्यास मनाई केली. अमेरिकेत वाढणाऱ्या एका भगिनी जातीत हे द्रव्य नसते. त्यामुळे तिकडील वेखंडाविषयी जे चांगले छापून येते, ते इकडच्या वेखंडास जसेच्या तसे लागू करता येत नाही. उंदरास झाले म्हणजे माणसास होतेच असे सिद्ध झालेले नाही, हेही खरे. पण वेखंडाची मात्रा अधिक झाली की वांती होते, हे सिद्ध करण्यास उंदराची गरज नाही. आयुर्वेदात त्याची गणना वमन घडविणाऱ्या द्रव्यांत पूर्वीपासून आहे, आणि शास्त्रोक्त पद्धतीत वेखंड शोधन केल्यावाचून पोटात देत नाहीत. गोमूत्रात व निरनिराळ्या काढ्यांत उकळून करावयाची ती क्रिया सहाणेवर होत नाही. म्हणजे घरातील कच्चे वेखंड बाळास देणे नव्या शास्त्रास तर मान्य नाहीच, जुन्या शास्त्राच्या नियमांतही ते पुरते बसत नाही.

हे आजीबाईंस सांगणे सोपे नव्हे. चार पोरे आणि दहा नातवंडे वाढवलेल्या बाईस कालच्या पोराने शिकवावे, हे कोणत्याही गावात रुचत नाही. कार्यकर्त्याने तिचा अधिकार मान्य करून बोलावे.

“आजी, गुटीत वेखंडाचे किती वेढे देता?”

“एकच रे बाबा. माझ्या सासूने दिले, मी दिले. सगळी धडधाकट आहेत.”

“तुमचा हात बसलेला आहे, आजी. पण उद्या सूनबाईच्या हातून चार वेढे गेले तर? आणि बाजारातला तुकडा कुठल्या मुलखातला, किती जुना, हे तुम्हांला तरी कसे कळणार?”

“मग बाळाच्या पोटात दुखले तर करायचे काय?”

“आधी दवाखाना, आजी. सहा महिने आईच्या दुधावाचून बाळाच्या पोटात दुसरे काही नको, पाणीसुद्धा नको, असे डॉक्टर सांगतात. आणि पुढेही वेखंड द्यावेसे वाटले तर वैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नका.”

असे संभाषण एकदा होऊन भागत नाही. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती यांना आधी विश्वासात घ्यावे, म्हणजे बेणे वाटणारा एक सांगतो आणि बाळंतिणीच्या घरी जाणारी दुसरेच सांगते असा प्रकार घडत नाही. पाच-सहा दिवसांच्या बाळाच्या टाळूवर वेखंडाची पूड भरण्याची रीतही काही घरांत आहे. ती पूड श्वासाबरोबर नाकात जाते, म्हणून तीही बंद केलेली बरी. वेखंडाचे बेणे ज्याच्या हाती द्यावयाचे, त्यास लागवडीची माहिती देताना हे दोन शब्द त्याच बैठकीत सांगितले पाहिजेत. घरच्या मळ्यातले म्हणजे शुद्ध, आणि शुद्ध म्हणजे निर्धोक, अशी समजूत शेतकऱ्याच्या घरात फार लवकर रुजते. वेखंडाच्या बाबतीत ती खरी नाही. ताजे व कसदार कांड उलट अधिक तीव्र असते.

राहता राहिली गोष्ट वेखंडाच्या पसरण्याची. कांड सरपटत जाऊन दोन-तीन वर्षांत शेजारचा वाफा गाठते. मळ्यात त्याचा उपद्रव लव्हाळ्याइतका होत नाही, कारण कोरड्या जमिनीत ते पुढे जात नाही. पण पाटाच्या कडेने लावल्यास पाट अरुंद करते. म्हणून वाफ्याच्या कडेस वीतभर खोल दगडांची ओळ उभी पुरावी, आणि पाण्याच्या वाहत्या मार्गात वेखंड लावू नये.

खणणीच्या दिवशीच पुढील वर्षाचे बेणे वेगळे काढावे. निरोगी, जाड, टोकास डोळा असलेली कांडे निवडून ती न धुता, विहिरीजवळच्या सावलीत ओल्या मातीत आडवी पुरून ठेवावी व वर भाताचा पेंढा पसरून रोज शिंपडत राहावे. मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत त्यांस डोळे फुटतात. एक गुंठ्याच्या हिशेबाने अकराशेच्या जागी बाराशे तुकडे धरावेत, कारण काही कुजतातच.